एकाच पिशवीतल्या तीन ट्यूब: चार वर्षांच्या मुलीच्या इसबाचं प्रकरण

रुग्ण चार वर्षांची मुलगी, वजन १४ किलो. इचलकरंजीजवळच्या एका गावातलं कुटुंब: आई, वडील, आजी आणि ही एकुलती एक. वडील सायझिंग कारखान्यात कामाला. आईची तक्रार एका वाक्याची होती: "मॅडम, खाजेनं रात्रभर झोपत नाही, आणि आम्हालाही झोपू देत नाही." ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत.

इसब पाचव्या महिन्यात गालांवर सुरू झालं. दोन वर्षांची होईपर्यंत ते गालांवरून कोपरांच्या आतल्या घड्यांत आणि गुडघ्यांमागच्या लवणीत उतरलं. हा क्रम अगदी नेहमीचा आहे. आईला रोज सकाळी शिंकांचा त्रास, आजींना दमा. म्हणजे घराण्यातच ॲलर्जीची प्रवृत्ती. थंडीत अंग कोरडं पडून इसब वाढायचं आणि मे महिन्यात घामानं. मधल्या काळात ते कमी व्हायचं, पण पूर्ण बरं कधीच नाही.

अंगावरून हात फिरवला तर बारीक पॉलिशपेपरवरून फिरवल्यासारखं वाटत होतं. कोपरांच्या घड्यांत उंचावलेले चट्टे, त्यांवर नखांचे ताजे ओरखडे. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर दाह लालभडक दिसत नाही, काळपट-जांभळट दिसतो. त्यामुळे "फारसं लाल नाही, म्हणजे फारसं नाही" असा समज घरी होतो, आणि कधीकधी दवाखान्यातही. मनगटांवरची कातडी खाजवून खाजवून जाड झाली होती, तिच्यावरच्या रेघा ठळक झाल्या होत्या. गुडघ्यांमागे ओलं होतं, वर मधासारख्या पिवळ्या खपल्या. तिथे जंतुसंसर्ग झाला होता हे उघड होतं.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. बाकी दोन गोष्टी या चित्रात बसत नव्हत्या. एक म्हणजे गाल. ते इसबासारखे खरखरीत नव्हते, उलट तुकतुकीत, लालसर होते, आणि तोंडाभोवती बारीक पुटकुळ्यांचं कडं होतं. ओठांलगतची चिंचोळी पट्टी मात्र स्वच्छ. दुसरी म्हणजे कंबरेवर मागच्या बाजूला, काळा दोरा घासतो नेमका तिथे, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा चट्टा. कडा पुसट, आत दोन अर्धवट कमानी.

पिशवी

घरात असलेली सगळी मलमं घेऊन या, असं नवीन रुग्णांना आम्ही फोनवरच सांगतो. आईनं प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर रिकामी केली. तीन ट्यूब निघाल्या.

पहिली हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का, दाह शमवणारं सौम्य स्टिरॉइड. दोन वर्षांपूर्वी मुलांच्या डॉक्टरांनी दिलेली, मुदत संपलेली.

दुसरी मोमेटासोन ०.१ टक्का, १० ग्रॅमची. तीन महिन्यांपूर्वी एका त्वचारोगतज्ज्ञांनी लिहून दिलेली. शेपटी जेमतेम एकदा दुमडलेली, आत निम्म्याहून जास्त औषध शिल्लक. "स्टिरॉइड आहे ना मॅडम, म्हणून मटकीच्या दाण्याएवढंच लावते. तेही फारच वाढलं तर. दोन दिवस लावून बंद."

तिसरी ट्यूब खोक्याविना, तळापर्यंत पिळून चपटी झालेली. ही मुलीची नव्हतीच. "ती ह्यांची, गजकर्णाची. मेडिकलमधून आणतात. तिच्या गालाला लावून बघितली तर चारच दिवसांत गाल एकदम साफ झाला." गेले तीन आठवडे ती रोज चेहऱ्यावर लागत होती. ट्यूबवरचा बारीक मजकूर भिंग धरून वाचला: क्लोबेटासोल ०.०५ टक्के, सोबत बुरशीवरचं एक औषध आणि दोन प्रतिजैविकं. क्लोबेटासोल हे लावायच्या स्टिरॉइडमधलं सर्वांत तीव्र गटातलं औषध.

"यात स्टिरॉइड आहे हे माहीत होतं का?"

"नाही हो. आणि असलं तरी ही पॉइंट झिरो पाच टक्के, ती दुसरी पॉइंट एक. म्हणजे ही निम्मीच ना?"

सगळं प्रकरण या उत्तरात होतं. ही आई निष्काळजी नव्हती. तिनं दोन्ही ट्यूबवरचे आकडे वाचले होते, मनात तुलना केली होती, आणि त्यातल्या त्यात सौम्य वाटली ती लेकीच्या चेहऱ्यासाठी निवडली होती. ज्या औषधाची तिला धास्ती होती ते या मुलीसाठी योग्य होतं आणि पुरेसं मिळत नव्हतं. ज्याची धास्ती नव्हती ते चेहऱ्यावर लागायलाच नको होतं. स्टिरॉइडची भीती आणि स्टिरॉइडचा गैरवापर या दोन वेगळ्या कुटुंबांच्या गोष्टी असतात असं आपण धरून चालतो. माझ्या अनुभवात त्या बहुतेक वेळा एकाच घरात, एकाच पिशवीत सापडतात. कारणही एकच असतं. कुठलं मलम, कुठं, किती आणि किती दिवस, हे कोणी बसून सांगितलेलंच नसतं.

ताकद टक्क्यांत नसते

आईचा हिशेब चुकला तो टक्क्यांमुळे, आणि तो कुणाचाही चुकेल. ट्यूबवरचा टक्का सांगतो की त्या मलमात औषध किती मिसळलं आहे. ते औषध मुळात किती जोरकस आहे हे त्यावरून कळत नाही. ०.०५ टक्के क्लोबेटासोल हे १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा कितीतरी पट तीव्र आहे, टक्का वीसपट कमी असूनही.

लावायच्या स्टिरॉइडचा इतिहास सुरू होतो १९५२ पासून. त्या वर्षी अमेरिकेत सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन कातडीवर लावून इसब शमतं हे दाखवलं. पुढे रेणूत थोडे थोडे बदल करत जास्त जोरकस औषधं आली. ताकदीप्रमाणे त्यांचा क्रम ठरवायची पद्धतही जुनीच आहे. औषध निरोगी कातडीवर लावायचं आणि तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसून कातडी किती फिकी पडते ते पाहायचं. १९६२ पासून ही चाचणी वापरात आहे. अमेरिकेत त्यावरून सात पायऱ्या करतात, ब्रिटनमध्ये चार: सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र. हायड्रोकॉर्टिसोन सौम्य. क्लोबेटासोन मध्यम. बेटामेथासोन व्हॅलरेट ०.१ टक्का आणि मोमेटासोन तीव्र. क्लोबेटासोल अतितीव्र. क्लोबेटासोन आणि क्लोबेटासोल ही नावं इतकी जवळची आहेत की काउंटरवर गफलत व्हायला वेळ लागत नाही, म्हणून चिठ्ठीवर मी ती सुट्या ठळक अक्षरांत लिहिते.

ब्रिटनच्या औषध नियामकानं २०२४ मध्ये ठरवलं की स्टिरॉइडच्या ट्यूबवर ताकद शब्दांतच छापायची. आपल्याकडच्या ट्यूबवर तसा शब्द नसतो. तो मराठीत, ठळक छापलेला असता तर या मुलीचे गाल वाचले असते असं मला खरंच वाटतं. तोपर्यंत आम्ही दवाखान्यातच ट्यूबवर पांढरी पट्टी चिकटवून स्केचपेननं लिहितो.

वडील

मुलीच्या कंबरेवरचा चट्टा खरवडून कोंडा काढला, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. फांद्या फुटलेले, मध्ये आडवे पडदे असलेले बुरशीचे तंतू स्पष्ट दिसले. म्हणजे ते इसब नव्हतं, गजकर्ण होतं, आणि ते घरातूनच आलं होतं. वडिलांना बोलावून घेतलं. रात्रपाळी संपवून ते थेट आले.

जांघेपासून नितंबांपर्यंत आणि कंबरेला करदोड्याच्या रेषेत गजकर्ण पसरलेलं होतं. नेहमीच्या गजकर्णाला एक गोल असतो, मधला भाग साफ, कडेला कोंडा. इथे गोलाच्या आत गोल होते, कडा कुठे ठळक तर कुठे पुसलेल्या. स्टिरॉइडनं दाबलेलं गजकर्ण असंच दिसतं. मांड्यांच्या आतल्या बाजूला बोटभर रुंदीच्या जांभळट रेषा होत्या. तिथली कातडी इतकी पातळ झाली होती की दाबली की सिगारेटच्या कागदासारख्या सुरकुत्या पडत.

सायझिंगमध्ये सुताला खळ चढवून ते वाफेवर तापलेल्या सिलिंडरवर वाळवतात. त्या उष्ण, दमट जागेत बारा तास, अंगात जीन्स. आठ महिन्यांपूर्वी खाज सुटली. मेडिकलमधून ट्यूब आणली, दोन दिवसांत खाज थांबली. बंद केली, आठवड्यात परत आली, आधीपेक्षा मोठी. परत ट्यूब. असं आठ महिने.

खाज थांबते ती क्लोबेटासोलमुळे. शरीर बुरशीशी लढत असतं, त्या लढ्याचंच दुसरं नाव दाह. क्लोबेटासोल हा दाह बंद पाडतं, माणसाला वाटतं उतार पडला, आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. ट्यूबमधलं बुरशीवरचं औषध एकटं पुरं पडत नाही, त्यात लोक ते खाज थांबताच सोडतात. गेल्या काही वर्षांत भारतात जे चिवट गजकर्ण फोफावलं आहे त्यामागे ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी आहे. २०२० मध्ये जपानमधल्या एका नेपाळी आणि एका भारतीय रुग्णाच्या नमुन्यांवरून तिला स्वतंत्र नाव मिळालं. तिच्यातल्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे पूर्वीचं हुकमी औषध चालत नाही.

केंद्र सरकारनं २०१८ मध्ये लावायच्या चौदा स्टिरॉइडना शेड्यूल एचच्या कक्षेत आणलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्रीला बंदी. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनं त्यासाठी बरीच वर्षं पाठपुरावा केला होता. कायदा झाला, तरीही या वडिलांना आठ महिन्यांत एकदाही कुणी चिठ्ठी मागितली नाही. ज्या माणसाला एका दिवसाचा खाडा परवडत नाही तो रांगेत बसून तपासून घेण्याऐवजी काउंटरवरून ट्यूब घेणार. त्याला दोष देण्यात मला काही अर्थ वाटत नाही. विकणाऱ्याला आत काय आहे हे माहीत असतं.

वडिलांची ट्यूब बंद केली. यकृताची तपासणी करून इट्राकोनॅझोलच्या गोळ्या सुरू केल्या, सोबत बुरशीवरचं साधं, स्टिरॉइड नसलेलं मलम. पहिले आठ-दहा दिवस खाज उसळून येईल, ती औषध चुकल्याची खूण नाही, हे तीनदा सांगितलं. त्यासाठी रात्री खाजेची गोळी दिली. टॉवेल वेगळा, आतले कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात उलटे वाळवायचे, जीन्सऐवजी कामावर सैल सुती पँट. करदोडा आणि मुलीचा काळा दोरा, दोन्ही उपचार संपेपर्यंत काढायचे. दोऱ्याच्या ओल्या धाग्यात बुरशी टिकून राहते, आणि तो कधी धुतला जात नाही.

किती लावायचं

मुलीच्या इसबाला औषध बदलायची गरजच नव्हती. मोमेटासोन योग्यच होतं, दोन वर्षांपुढच्या मुलांना ते देता येतं. कमी पडत होतं ते प्रमाण.

मोजायची सोपी रीत आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत, म्हणजे शेवटच्या पेरावर, ट्यूबमधून एक सरळ रेघ पिळायची. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते, बाईचं बोट असेल तर किंचित कमी. एवढं मलम मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या भागाला पुरतं. लाँग आणि फिनले यांनी १९९१ मध्ये हे माप मांडलं आणि जगभर तेच चालतं.

आईचाच हात मुलीच्या अंगावर ठेवून मोजलं. दोन्ही कोपरांच्या घड्या मिळून दोन हात. गुडघ्यांमागे दोन. मानेला एक. मनगटं आणि घोटे मिळून एक. एकूण सहा हात, म्हणजे तीन पेरं, म्हणजे एका वेळेला सव्वा ते दीड ग्रॅम. दिवसातून एकदाच. आठवड्याला नऊ-दहा ग्रॅम. थोडक्यात, जी ट्यूब तीन महिन्यांत निम्मीही संपली नव्हती ती एका आठवड्यात संपायला हवी होती. आईनं हे ऐकल्यावर काही क्षण माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मटकीएवढं मलम दोन दिवस लावायचं, सोडायचं, पुन्हा लावायचं, यात आग कधी विझतच नाही. दाह वर्षभर धुमसत राहतो, कातडी जाड होत जाते, आणि शेवटी लागणारं एकूण स्टिरॉइड जास्त होतं. म्हणून आम्ही उलटं करतो. आधी पुरेसं, रोज, चट्टे बोटाला सपाट लागेपर्यंत. साधारण सात ते दहा दिवस. लाली गेली की नव्हे, तर खरखर गेली की थांबायचं. मोमेटासोनसारखी औषधं दिवसातून एकदा लावणं पुरतं, दोनदा लावून फारसं काही जास्त मिळत नाही.

"पण कातडी पातळ होते म्हणतात." होते, अतितीव्र औषध महिनोन्‌महिने लावलं तर. पुरावा घरातच होता, वडिलांच्या मांडीवर. पण नीट वापरात धोका किती? इसबावरच्या स्टिरॉइड वापराचा कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं २०२२ मध्ये आढावा घेतला. त्यातल्या ज्या चाचण्यांत कातडी पातळ झाल्याची नोंद घेतली होती, त्यांत २,२६६ जणांपैकी २६ जणांत ती आढळली. त्यातले १६ अतितीव्र स्टिरॉइड वापरणारे होते. या चाचण्या बहुतेक थोड्या आठवड्यांच्या, हेही आईला सांगितलं. वर्षानुवर्षं बिनदिक्कत लावा असा त्याचा अर्थ नाही.

गुडघ्यांमागच्या संसर्गासाठी पाच दिवस तोंडावाटे प्रतिजैविक. मनगटांच्या जाड कातडीवर क्रीमऐवजी मोमेटासोनचंच ऑइंटमेंट, कारण तेलकट ऑइंटमेंट जास्त आत शिरतं. वर पट्टी बांधायची नाही, प्लॅस्टिक तर नाहीच. झाकलं की शोषण अनेक पटींनी वाढतं.

कंबरेचं गजकर्ण आणि कोपराचं इसब यांतलं अंतर वीतभर. चुकून मोमेटासोन गजकर्णावर जायला नको. कागदावर मुलीची आकृती काढली, पुढून आणि मागून. इसबाच्या जागा निळ्या, गजकर्णाची हिरवी, चेहरा कोरा. त्याच रंगांच्या टिकल्या ट्यूबच्या टोपणांवर चिकटवल्या. हिरवी ट्यूब बुरशीवरच्या क्लोट्रिमॅझोलची, दिवसातून दोनदा, चट्टा गेल्यावरही पुढे दोन आठवडे.

चेहरा

अवघड भाग हाच होता.

कातडी सगळीकडे सारखी नसते. फेल्डमन आणि मायबाख यांनी १९६७ मध्ये मोठ्या माणसांवर मोजलं की हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या कुठल्या भागातून किती आत जातं. कोपर ते मनगट या भागाच्या आतल्या बाजूचं शोषण एक धरलं, तर तळपायाचं ०.१४, तळहाताचं ०.८३, कपाळाचं सहा, जबड्याचं तेरा आणि वृषणांच्या कातडीचं बेचाळीस. म्हणजे वडिलांनी सर्वांत तीव्र औषध सर्वांत जास्त शोषणाऱ्या जागेलगत लावलं होतं, आणि आईनं तेच मुलीच्या गालाला. लहान मुलांत वजनाच्या मानानं कातडीचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे अंगात जाणारा अंशही जास्त.

तीव्र स्टिरॉइड चेहऱ्यावर आठवडेच्या आठवडे लागलं की कातडीला त्याची सवय होते. लावलं की नितळ, थांबवलं की लाल, जळजळ, पुटकुळ्या. घाबरून माणूस पुन्हा लावतो. आपल्याकडे गोरेपणाच्या क्रीमच्या नावाखाली हेच हजारो तरुण मुलींच्या चेहऱ्यांवर चाललं आहे. या मुलीच्या बाबतीत तीन आठवडेच झाले होते, हे तिचं नशीब.

क्लोबेटासोल बंद केलं. आठवडाभर फक्त हायड्रोकॉर्टिसोन, अगदी पातळ, दिवसातून एकदा, म्हणजे उसळी थोडी सौम्य होईल. ते तोंडाभोवतीच्या कड्यावर नाही, तिथे मेट्रोनिडाझोल जेल. त्यानंतर हायड्रोकॉर्टिसोनही थांबवून टॅक्रोलिमस ०.०३ टक्के. हे दाह शमवतं, पण स्टिरॉइड नाही, कातडी पातळ करत नाही, आणि दोन वर्षांपुढच्या मुलांना चालतं. पहिले काही दिवस चुरचुरतं. ट्यूब फ्रिजमध्ये ठेवली तर चुरचुर सोसवते, ही युक्ती आयांना लगेच पटते.

मलम डोळ्यांच्या कडेपर्यंत गेलं असावं म्हणून डोळ्यांचा दाब तपासून घेतला, तो ठीक निघाला. उंची आणि वजन वाढीच्या तक्त्यावर बरोबर होतं. सकाळचं कॉर्टिसोल, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथी बनवतात ते शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, तपासायचं का, हा प्रश्न होता. रोज दोन ग्रॅम क्लोबेटासोलनंही मोठ्या माणसाच्या ॲड्रिनल ग्रंथी मंदावू शकतात. इथे १५ ग्रॅमची ट्यूब बाप-लेकीत मिळून गेली होती, तिच्या वाट्याला रोजचा चौथाई ग्रॅमही आला नसेल. सुई टोचून रक्त काढण्याइतकं कारण मला दिसलं नाही. दोन-तीन महिने रोज लागलं असतं तर नक्की तपासलं असतं.

गालांवरच्या पांढुरक्या डागांविषयी आईनं सर्वांत शेवटी, आवाज खाली करून विचारलं. कोड तर नाही? नाही. इसब शमताना रंग काही काळ उतरतो. हे डाग फिकट असतात, कोडासारखे खडूपांढरे नसतात, कडा धूसर असतात. काही महिन्यांत रंग परत येतो. एवढ्या एका भीतीनं कितीतरी घरांत मलम बंद होतं, म्हणून तिनं विचारलं नसतं तरी मी स्वतःहून सांगितलं असतं.

आजींचा आक्षेप

"अंगातली उष्णता हाय ती. भाईर पडू दे. दाबलं की दमा हुतोय, माझंच बघा की."

आजींचं निरीक्षण पोकळ नव्हतं. लहानपणी इसब असलेल्या मुलांना पुढे दमा होण्याचं प्रमाण खरोखरच जास्त असतं. पण तो इसब दाबल्यामुळे होत नाही. दोन्हींचं मूळ एकाच प्रवृत्तीत असतं. उपचार न केलेल्या मुलांनाही दमा होतोच. उलट फुटलेल्या, ओरखडलेल्या कातडीतून धुळीचे, अन्नाचे कण आत शिरून ॲलर्जीला वाट मिळते, असं आता बरेच संशोधक मानतात. हे त्यांना मी याच शब्दांत सांगितलं. त्यांना किती पटलं ते त्या दिवशी कळलं नाही.

पण अंघोळ त्यांच्या हातात होती, आणि अंघोळीशिवाय हा उपचार पुरा होणार नव्हता. डाळीचं पीठ आणि वजरीनं घासणं बंद, कडकडीत पाणी बंद, साबणाऐवजी साबणविरहित बार. साध्या साबणाचा सामू नऊ-दहा असतो, निरोगी कातडीचा साडेपाचच्या आसपास. कोमट पाणी, पाच-सात मिनिटं, टिपून घ्यायचं आणि अंग ओलसर असतानाच भरपूर मॉइश्चरायझर. महागडी बाटली महिनाभर पुरवून वापरण्यापेक्षा पांढऱ्या पेट्रोलियम जेलीचा मोठा डबा परवडतो आणि कामही चांगलं करतो. उन्हाळ्यात चिकट वाटलं तर खोबरेल. खोबरेलाचं नाव ऐकून आजी पहिल्यांदा मोकळेपणी बोलल्या. मॉइश्चरायझर आणि स्टिरॉइड यांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवायचं, आधी कुठलं याला फारसं महत्त्व नाही.

पुढचे महिने

चौथ्या दिवशी आईचा फोन आला. अंग छान आहे, पण चेहरा पेटलाय, ती जुनी ट्यूब एकदाच लावू का? फोटो मागवला. लाली आणि पुटकुळ्या वाढल्या होत्या, पण ओलं नव्हतं, डोळे सुजले नव्हते, ताप नव्हता. थंड पाण्याच्या सुती घड्या, जेली, आणि थांबा, एवढंच सांगितलं. ती थांबली. या प्रकरणातलं सर्वांत कठीण काम त्या आठवड्यात तिनं केलं.

दहाव्या दिवशी कोपरं आणि गुडघ्यांमागचा भाग सपाट झाला होता. मनगटांना आणखी आठवडा लागला. मुलगी सलग झोपू लागली होती. मोमेटासोनची नवी ट्यूब संपली होती, आणि ती रिकामी ट्यूब आईनं काहीशा धास्तीनंच पुढे केली. चेहऱ्याची लाली ओसरायला पाच आठवडे गेले. कंबरेचा चट्टा महिन्यात गेला.

कातडी डोळ्यांना साफ दिसली तरी आत दाह थोडा शिल्लक राहतो. म्हणून जिथे इसब सतत परततं तिथे, म्हणजे घड्यांत आणि मनगटांवर, शनिवार-रविवार असं आठवड्यातून दोन दिवस मोमेटासोन चालू ठेवलं. इतर दिवशी फक्त जेली. एकूण वापर महिन्याला १५ ग्रॅमच्या आत राहिला. दर भेटीला घड्यांतली कातडी चिमटीत धरून पाहिली, उंची मोजली.

दिवाळीत अभ्यंगस्नानाचं उटणं लागलं आणि कोपरं पुन्हा फुलली. आईनं कुणाला न विचारता आकृतीचा कागद काढला, पेरं मोजली, पाच दिवस रोज लावून थांबवलं, आणि मग कळवलं. फ्रिजच्या दारावर चिकटवलेल्या त्या कागदावर आजींनी आपल्या हातानं तारखा लिहिल्या होत्या.

वडिलांचं गजकर्ण आठ आठवड्यांत आटोक्यात आलं. गोळ्या कोंड्याची तपासणी निर्दोष आल्यावरच थांबवल्या. मांडीवरच्या रेषांचा जांभळा रंग उतरून त्या पांढुरक्या झाल्या आहेत. त्या आता जाणार नाहीत, हे त्यांना स्पष्ट सांगितलं आहे. सहा महिने पुरे झाल्यावर मुलीचे शनिवार-रविवार थांबवून पाहायचे आहेत. गजकर्णाचा खरा हंगाम पावसाळा, त्यामुळे पुढची भेट दोघांचीही जूनच्या पहिल्या आठवड्यात ठेवली आहे.